मालवाहू यान आणि आपली विज्ञानकथा

अवकाशयान म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे शास्त्रज्ञ उभा राहतो, माल वाहणारा कामगार नव्हे. हा दोष त्यांचा नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली आणि आपल्या विज्ञानकथेला बळ मिळाले. ते बळ जिज्ञासेचे होते. त्याचे मोल आम्ही मानतोच.

परंतु अवकाशप्रवासाला दुसरेही अंग आहे. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटातील ‘नोस्ट्रोमो’ हे यान दोन कोटी टन खनिज ओढून पृथ्वीकडे निघालेले असते. त्यावरील कामगार बोनसवरून कुरकुरतात आणि त्यांच्या जिवापेक्षा कंपनीला तो परग्रहावरील जीव अधिक मोलाचा वाटतो. भयकथेच्या आवरणाखाली ही मजुरीची कथा आहे.

ती आम्हांला परकी वाटत नाही. सूरजागडचे लोहखनिज ट्रकांच्या रांगांनी आणि चंद्रपूरचा कोळसा मालगाडीच्या वाघिणींतून बाहेर जाताना आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिला आहे. यान कोणाचे, माल कोणाचा, आणि जिथून तो उचलला तिथे मागे काय उरले, हे प्रश्न त्यांना शिकवावे लागत नाहीत. विज्ञानकथेला ‘रंजन’ म्हणून अभ्यासक्रमाच्या कडेला बसवणाऱ्या आपण प्राध्यापकांनीच त्यांना ते लिहू दिलेले नाहीत. मराठीतील मालवाहू यान एटापल्लीहून का निघू नये?