शनवार आणि विद्यापीठाचें वेळापत्रक

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपट्याच्या पुढें जिते हें लहानसें स्थानक लागतें. मग हमरापूर आणि त्यानंतर पेण. गणपतीच्या मूर्तींमुळें हा मुलूख सर्व महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. परंतु ह्याच मुलखानें परधर्माच्या आदराचा जो एक साधा धडा घालून दिला, तो मात्र आमच्या सुशिक्षितांच्या विस्मरणांत गेला आहे. बेने इस्राएल लोक शतकानुशतकें ह्या किनाऱ्यावर राहिले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, झिराडकर हीं त्यांचीं आडनांवें म्हणजे ह्या गांवांशीं असलेल्या नात्याच्या सनदाच होत. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा, आणि शनिवारीं घाणा बंद हा त्यांचा नेम. शेजाऱ्यांनीं त्यांस 'शनवार तेली' हें नांव दिलें. ह्या नांवांत कुचेष्टा नाहीं, तक्रार नाहीं. हा माणूस शनिवारीं काम करीत नाहीं, एवढी वस्तुस्थितीची नोंद आहे. तेल हवें तर शुक्रवारीं न्यावें, हा त्यांतला सारा हिशेब!

जें निरक्षर खेड्यास साधलें, तें आमच्या साक्षर विद्यापीठांस कां साधूं नये, असा आमचा रोखठोक प्रश्न आहे. आमच्याकडे शनिवार हा परीक्षेचा नित्याचा वार आहे. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताबरोबर सुरू होतो आणि शनिवारीं रात्रीं चांदण्या दिसूं लागल्यावर संपतो. त्या अवधींत यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें लेखन वर्ज्य आहे. म्हणजे नेमनिष्ठ विद्यार्थ्यानें त्या दिवशीं उत्तरपत्रिका लिहावयाची तर धर्म सोडावा, आणि धर्म पाळावयाचा तर 'गैरहजर' हा शेरा घ्यावा. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलावर हा पेंच कां यावा? एखाद्या प्राचार्यांच्या सौजन्यानें वाट निघतही असेल. परंतु सौजन्य म्हणजे हक्क नव्हे.

ह्यावर पहिला आक्षेप असा कीं, हे लोक आहेत तरी किती! 1948 च्या सुमारास भारतांत 20,000 च्या आसपास असलेला हा समाज इस्रायलकडे झालेल्या स्थलांतरानें कांहीं हजारांवर आला, हें खरें. परंतु संख्या थोडी म्हणजे सोयीचा खर्चही थोडा, हें उघड गणित आक्षेपकांस सुचत नाहीं. न्याय जर डोकीं मोजून द्यावयाचा, तर अल्पसंख्य ह्या शब्दास अर्थ तो कोणता? महाराष्ट्र शासनानें 2016 सालीं यहुदी समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ती मान्यता वेळापत्रकाच्या दारांतच थबकत असेल तर ती कागदावरच शोभावी.

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. 'त्यांच्यांतले पुष्कळजण स्वतःच शनिवार पाळीत नाहींत!' गांव सुटलें, मुंबईच्या कचेऱ्या आणि कारखाने आले, आणि तेथें शनिवारीं घरीं बसणें म्हणजे नोकरी गमावणें ठरलें. पोटासाठीं माणसास वांकावयास लावावें आणि मग त्याच्या वांकण्याचाच पुरावा त्याच्याविरुद्ध मांडावा, ही कोणती रीत? शिवाय नऊजणांनीं नेम सोडला म्हणून दहाव्यानें पाळूं नये, असें कोणतें शास्त्र सांगतें?

तिसरा आक्षेप, उद्यां प्रत्येकजण आपला वार मागेल. मागूं द्या; कसोटी सोपी आहे. एकादशीचा उपवास करणारा पेपर लिहूं शकतो. शुक्रवारच्या नमाजास वेळ सोडला कीं भागतें. गणेशोत्सवांत आमचीं महाविद्यालयें बंद असतात आणि त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. आम्हांसही वाटत नाहीं. येथें मात्र लेखन हीच क्रिया निषिद्ध आहे. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, ज्यास बेने इस्राएल 'दारफाळणीचा सण' म्हणत, तोही असाच. आणि तो बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरांत येतो. हे दिवस ऐनवेळीं ठरत नाहींत. यहुदी पंचांग गणितानें बांधलेलें असल्यामुळें पुढील शंभर वर्षांच्या तारखा आजच छापतां येतील.

वेळापत्रक अढळ आहे हेंही खरें नव्हे. 2024 च्या जुलैंत अतिवृष्टि झाली, तेव्हां मुंबई विद्यापीठानें परीक्षा पुढें ढकलल्या, आणि तें योग्यच केलें. पावसापुढें जें वेळापत्रक नमतें, तें विवेकबुद्धीपुढें नमल्यानें कोणता प्रलय होणार?

इतिहासाकडे पहा. 1869 सालीं न्यूमा हार्टोग हा यहुदी तरुण केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत सर्वांत पहिला आला; पण तेथील धार्मिक अटींमुळें त्यास फेलोपद मिळूं शकलें नाहीं. 1871 सालीं पार्लमेंटनें कायदा करून त्या अटी उठविल्या. आमच्याकडे अशी अट कधींच नव्हती म्हणून आम्ही पाठ थोपटून घेतों. परंतु प्रवेशाचें दार उघडें ठेवून परीक्षेचें दार शनिवारीं मांडणें हीसुद्धां एक अटच आहे. फक्त ती लिहिलेली नाहीं.

आणि विपर्यास असा कीं, ह्याच मुंबईंत डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं 1832 सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींतून लिहिलें. ह्याच मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणून जोसेफ यहेज्केल राजपुरकर ह्यांनीं काम केलें आणि आपल्या समाजाच्या प्रार्थना मराठींत आणल्या. ज्या भाषेंत सातव्या दिवसाच्या विश्रांतीची आज्ञा आहे ती भाषा आम्ही विषय म्हणून शिकविली. ती आज्ञा पाळणाराची सोय मात्र आमच्या नियमांत नसावी!

आमची मागणी अवाजवी नाहीं. नेमनिष्ठ विद्यार्थ्यानें सत्राच्या आरंभीं लेखी कळवावें. त्याचा पेपर दुसऱ्या दिवशीं वेगळ्या प्रश्नपत्रिकेनें घ्यावा, किंवा त्यास देखरेखीखालीं ठेवून शब्बाथ संपल्यावर तोच पेपर लिहूं द्यावा. आणि त्याच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या प्रयत्नाचा डाग पडूं नये. हें कृपा म्हणून नव्हे, नियम म्हणून छापावें. शनवार तेल्याचा घाणा एक दिवस थांबला म्हणून कोकणांतलीं घरें अंधारांत बुडालीं नाहींत. विद्यापीठाचा दिवाही विझणार नाहीं.