‘एक देश, एक वेळ’ : नियमाइतकीच पडताळणीही आवश्यक

नवी दिल्ली : खात्यातून रक्कम परस्पर काढली गेल्याची तक्रार आली की, तपास यंत्रणांना प्रथम घटनाक्रम जुळवावा लागतो. त्यासाठी बँक, दूरसंचार कंपनी आणि पेमेंट सेवा यांच्या सर्व्हरवरील नोंदी एकत्र वाचल्या जातात. या तिन्ही ठिकाणची घड्याळे परस्परांशी जुळत नसतील, तर नंतरची घटना आधी घडल्याचे दिसू शकते आणि पुराव्याचे मोल घटते.

संगणकातील क्वार्ट्झ घड्याळ दिवसाकाठी एखाद-दोन सेकंद मागे-पुढे होऊ शकते. ही चूक ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ म्हणजे एनटीपीद्वारे दुरुस्त केली जाते. संगणक वेळ-सर्व्हरकडे विचारणा करतो आणि संदेशाच्या जाण्या-येण्याचा कालावधी मोजून आपले घड्याळ जुळवतो. जाण्यास आणि येण्यास सारखाच वेळ लागतो, हे यात गृहीत धरलेले असते. त्यामुळे सर्व्हर जितका दूर, तितकी चुकीची शक्यता अधिक.

‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे बंधनकारक आहे. नोंदी १८० दिवस जतन करण्याचीही अट आहे. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाण वेळेसंबंधीच्या वैधमापन नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. अहमदाबाद, बंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रयोगशाळांमधून प्रमाण वेळ पुरवण्याची योजनाही आखण्यात आली. परदेशी उपग्रहांच्या वेळेवरील अवलंबित्व कमी करणे, हा त्यामागील एक हेतू आहे.

दिशा योग्य असली, तरी दोन प्रश्न उरतात. पहिला सुरक्षिततेचा. एनटीपीच्या साध्या वापरात उत्तर खऱ्या सर्व्हरकडूनच आले, याची खातरजमा होत नाही. त्यासाठीचे ‘नेटवर्क टाइम सिक्युरिटी’ हे मानक २०२० मध्ये आले. ते वापरात आणण्याची जबाबदारी संस्थांवरच आहे. दुसरा प्रश्न पडताळणीचा. घड्याळ एकदा जोडले म्हणजे ते कायम अचूक राहील, असे नाही. जोडणी तुटली, तर संगणक मुकाट्याने चुकीची वेळ नोंदवत राहतो आणि ते बहुधा गुन्हा घडल्यानंतरच उघड होते.

त्यामुळे संस्थांच्या वार्षिक लेखापरीक्षणात घड्याळांतील तफावतीची नोंद तपासली जाते का, यावर या धोरणाचे यश अवलंबून राहील. फसवणूक झालेल्या खातेदाराचा दावा अखेरीस त्याच नोंदींवर उभा असतो.