अंगण हाही घराचाच भाग

‘लाभार्थी कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले, अशी व्याख्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने (शहरी) केली. अशा दुर्बल घटकातील कुटुंबासाठी साधारण ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचे घर, असे माप ठरले. परंतु आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील घरांत डोकावले, तर ही व्याख्या किती अपुरी आहे हे ध्यानात येते. पाथर्डी-शेवगाव भागात आईवडील ऊसतोडणीला गेल्यावर नातवंडांना आजी-आजोबाच सांभाळतात. कुठे विधवा सासू व सून एकमेकींच्या आधाराने संसार चालवितात. नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींत कामाला आलेले तरुण एका खोलीत चार-पाच जण राहतात. या सर्वांना एकाच साच्यातील घर कसे पुरावे?

या प्रश्नाचे एक उत्तर नगर शहरातील संजयनगर वस्तीने दिले आहे. तेथील २९८ कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी महानगरपालिका, ‘स्नेहालय’ संस्था आणि ‘कम्युनिटी डिझाइन एजन्सी’चे वास्तुरचनाकार एकत्र आले. आराखडा आधी कागदावर पक्का करून रहिवाशांवर लादण्यात आला नाही. त्यांच्या बैठका घेऊन, त्यांच्या गरजा समजून घेऊन तो आकारास आला. उंच मनोऱ्यांऐवजी अंगणाभोवती कमी मजल्यांच्या इमारती योजिल्या गेल्या. २०२२ मध्ये पहिल्या इमारतीत ३३ कुटुंबे राहावयास गेली.

यातील अंगणाचे महत्त्व आम्हांस अधिक वाटते. तीस चौरस मीटरमध्ये म्हाताऱ्या माणसाची दुपार, मुलांचा खेळ, पापड-शेवयांचे वाळवण आणि बायकांचे घरगुती काम मावत नाही. वस्तीत ही सारी कामे दाराबाहेर होत असत. बंद दारांच्या इमारतीत ती कोठे जाणार? सामाईक अंगण व रुंद सज्जा असला की लहान घर मोठे होते. कामावर गेलेल्या आईच्या मुलावर शेजारणीची नजर राहते. शिवाय हवा खेळती राहते, विजेचा खर्च कमी होतो. आपला जिल्हा पर्जन्यछायेतील आणि नगर शहराची तहान मुळा धरणावर अवलंबून. तेव्हा छपरावरील पावसाचे पाणी साठविण्याची सोय ही चैन नव्हे, गरज आहे.

अर्थात केवळ चांगल्या आराखड्याने सारे प्रश्न सुटत नाहीत. अनुदान वजा जाता उरणारी रक्कम रोजंदारीवर जगणाऱ्यास जड जाते. अंगण झाडायचे कोणी, पाण्याच्या पंपाचे बिल भरायचे कोणी, हे आधी ठरले नाही तर नवी इमारतही काही वर्षांत बकाल होते. ज्यांना घर विकत घ्यावयाचेच नाही, अशा स्थलांतरित कामगारांसाठी भाड्याची घरे हवीत. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. त्याचा लाभ औद्योगिक वसाहतींलगत मिळावा, ही मागणी रास्त ठरेल.

वस्ती हलवावी लागलीच, तर संबंधितांना आधी पूर्ण माहिती द्यावी आणि निर्णयात त्यांना सहभागी करून घ्यावे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्मरण करून दिले होते. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचनांसाठी मुदत असते. आपल्यापैकी किती जण तो उघडून पाहतात? ज्यांना अर्ज लिहिता येत नाही अशा शेजाऱ्यांच्या वतीने आपण तो लिहून दिला, तरी अंगणाची जागा आराखड्यात शिल्लक राहण्यास मदत होईल.