शाकाहाऱ्यांचे मटण आणि आपले सोयाबीन



कंदुरीला बोकड कापला की माळकऱ्यांसाठी वेगळी चूल पेटते, ही आपल्या गावांची जुनी रीत आहे. त्या चुलीवर पूर्वी वांग्याची भाजी असायची, नाहीतर वऱ्हाडात पाटवडीचा रस्सा. आता बहुतेक ठिकाणी सोयाबीनच्या वड्या शिजतात. मसाला तोच, तर्री तीच, आणि वडीही दाताखाली मटणासारखी लागते. वाढणारा पोरगा हसत म्हणतो, "घ्या माउली, तुमचं मटण." माउलीही हसतात आणि दुसऱ्यांदा मागून घेतात.

शहरात हाच प्रकार चकचकीत वेष्टनात घालून, इंग्रजी नाव लावून विकला जातो. वनस्पतीपासून बनवलेले कबाब, खिमा, सॉसेज मिळू लागले आहेत. 2021 साली रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनीही अशा पदार्थांची कंपनी काढली. सोयाबीन आणि तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या लातूरचा माणूस या धंद्यात उतरला, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी कान टवकारले. सोयाबीनला आता मटणाचा भाव येणार, असे म्हणणारे आम्हाला भेटले.

कोणी काय खावे हे सांगणे शेतकरी आंदोलनाचे काम नाही. माळकऱ्याच्या वडीचे आम्हाला जितके अगत्य आहे, तितकेच बोकड विकून पोराची फी भरणाऱ्या बाईचे आहे. पण ज्या दाण्यातून हे मटण बनते तो दाणा आपल्या वावरात पिकतो, आणि तो विकून आपल्या हाती काय पडते ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम वडीची बाजू. सोयाबीनच्या दाण्यात शेकडा 40 च्या आसपास प्रथिने असतात आणि 18 ते 20 तेल. तेल काढून घेतले की उरलेल्या पिठात प्रथिनांचे प्रमाण शेकडा 50 पर्यंत जाते. हे पीठ ओले करून, दाबाखाली तापवून, यंत्राच्या छिद्रातून बाहेर ढकलले की ते फुलते आणि त्याला मांसासारखे धागे सुटतात. अमेरिकेत 1960 च्या दशकात हे तंत्र बसवले गेले. 30 ग्रॅम कोरड्या वड्या, म्हणजे ओंजळभरसुद्धा नव्हेत, भिजवून शिजवल्या तर 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्याच प्रथिनांसाठी 70 ग्रॅमच्या आसपास तूरडाळ किंवा 75 ग्रॅम मटण लागते.

आता पैशाचा हिशेब. 2025-26 च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये ठरवला आणि तुरीचा 8,000. क्विंटलभर सोयाबीनमध्ये 40 किलो प्रथिने, म्हणजे किलोला 133 रुपये. क्विंटलभर तुरीत 22 किलो, म्हणजे किलोला 364 रुपये. हिशेब दाण्याचा आहे, वडीचा नव्हे. तरी गरिबाच्या ताटात प्रथिने घालायची असतील तर सोयाबीनइतके स्वस्त पीक दुसरे नाही, एवढे त्यातून दिसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शेकडा 35 मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ती काही मलबार हिलवरची मुले नाहीत. ज्या घरात सोयाबीनची पोती थप्पीला लागतात त्याच घरातली पोरे चटणी-भाकरीवर शाळेत जातात. ज्वारीच्या भाकरीत शेकडा 10 च्या आसपास प्रथिने असतात खरी, पण त्यात लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळीत आणि सोयाबीनमध्ये तो भरपूर असतो. भाकरीबरोबर वरण किंवा पिठले खाण्याची आपल्या आज्यांची सवय शहाणपणाची होती.

तेव्हा वडी घरात यावी असेच आम्हाला वाटते. मायबहिणींना दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. सोयाबीनचा कच्चा दाणा पोटाला चालत नाही. त्यात प्रथिने पचू न देणारे घटक असतात आणि ते उष्णतेने मोडतात. घरचे सोयाबीन वापरायचे तर चांगले उकळून, वाळवून मगच दळावे, आणि गव्हाच्या नऊ वाट्यांत त्याची एक वाटी मिसळावी. दुसरी गोष्ट अशी की ब-12 जीवनसत्त्व वडीत नाही आणि डाळीतही नाही. मांसाऐवजी वडी खाल्ली तर प्रथिनांची भरपाई होते, ब-12 ची होत नाही. त्यासाठी शाकाहारी माणसाला दूध-ताक हवेच, आणि ज्याला चालते त्याने अंडे खावे. सोयाबीन खाल्ल्याने पुरुषाचे पुरुषपण जाते अशी एक वावडी मधूनमधून उठते. नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होत नाही असे तपासण्यांत दिसलेले आहे.

काही माळकऱ्यांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो आम्हाला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. जे सोडले त्याचीच नक्कल ताटात कशाला, असे ते विचारतात. पाटवडीने मटणाचे सोंग कधी घेतले नव्हते. हरभऱ्याचे पीठ शिजवून थापले, वड्या पाडल्या, झणझणीत रश्श्यात सोडल्या, आणि ज्याला मटण चालत नाही त्याचे जेवण झाले. पोट भरले, प्रथिने मिळाली, शिवाय हरभरा आपल्याच रानातला.

पण हा सगळा विचार खाणाऱ्याच्या बाजूचा झाला. पिकवणाऱ्याची बाजू निराळी आहे.

शंभर किलो सोयाबीन कारखान्यात गेले की साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोंच्या वर पेंड निघते. वजनाने पाहिले तर हे पेंडीचे पीक आहे. ही पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. माणसाच्या खाण्याजोगी करून तिच्या वड्या होतात तो वाटा लहान. गंमत अशी की ब्रॉयलर कोंबडी खाणारा आणि तिला शिवणार नाही म्हणणारा, दोघेही अखेर आपल्याच सोयाबीनवर जगतात. मग भाव कुठे जातो? जिथे तो ठरतो तिथे आपल्याला कोणी विचारत नाही.

2021 चा पावसाळा आठवा. काही बाजार समित्यांत सोयाबीन 10,000 रुपयांच्या घरात गेले. कोंबडीवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये सरकारने 12 लाख टन जनुकबदल सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले आणि पेंडीच्या साठ्यावर मर्यादा घातली. परदेशी शेतकऱ्याने पिकवलेल्या जनुकबदल सोयाबीनची पेंड आपल्या कोंबडीला चालते, पण तेच बियाणे आपल्या शेतकऱ्याने पेरले तर तो गुन्हा. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात तणनाशकाला दाद न देणारी कपाशी शेतकऱ्यांनी उघडपणे पेरली, तेव्हा त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले होते. पेंडीच्या जहाजांवर कोणी गुन्हा दाखल केला नाही.

पुढे तेलाचीही तीच गत झाली. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले आणि मे 2025 मध्ये पुन्हा कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले. त्यात मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल करताना उरणारा सुका चोथा कोंबडीखाद्यात शिरला, त्यामुळे पेंडीचे गिऱ्हाईक आणखी पातळ झाले. ही शेवटची स्पर्धा आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. स्पर्धेला शेतकरी भीत नाही. एका हाताने स्पर्धा लावायची आणि दुसऱ्या हाताने आपले पाय बांधायचे, याबद्दल तक्रार आहे.

डाळीचे काय झाले? तुरीची आयात मे 2021 मध्ये खुली केली. डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा बिनशुल्क येऊ दिला. 2024-25 या एका वर्षात देशात 70 लाख टनांहून जास्त कडधान्ये आयात झाली. हा पिवळा वाटाणा दळून हरभऱ्याच्या बेसनात खपतो हे कोणत्याही भजीवाल्याला विचारा. अमेरिकेतली 'बियॉन्ड मीट' ही नावाजलेली कंपनी आपले मांसविरहित मांस याच वाटाण्याच्या प्रथिनांपासून बनवते. म्हणजे पाटवडी असो की परदेशी खिमा, दोन्हीकडे तोच वाटाणा आणि दोन्हीकडे आपला हरभरा बाहेर.

त्या कंपनीचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण सोयाबीनला मटणाचा भाव येईल म्हणणाऱ्यांचा भरवसा अशाच कंपन्यांवर आहे. मे 2019 मध्ये तिचा समभाग 25 डॉलरला विकायला काढला. जुलैमध्ये तो 230 डॉलरच्या वर गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये एका डॉलरच्याही खाली आला. लोकांनी नवलाई म्हणून एकदा खाऊन पाहिले, दर महिन्याला घेतले नाही. मटणापेक्षा नक्कल महाग, मग घेणार कोण? आपल्याकडची साधी कोरडी वडी मात्र किराणा दुकानात वर्षानुवर्षे खपते आहे, कारण ती स्वस्त आहे. तिच्या स्वस्ताईत आपला वाटा किती आहे हे वर पाहिलेच.

नक्कल करणाऱ्यांच्या अकलेला मात्र दाद द्यावी लागेल. सोयाबीनचे रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली की आत लालसर रंग दिसतो. गाठ लाल असेल तर ती हवेतला नत्र बांधते आहे, हे आपल्याला ठाऊक असते. तो लाल रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्या एका पदार्थाचा आहे. 'इम्पॉसिबल फूड्स' या अमेरिकी कंपनीने त्याचा जनुक घेऊन यीस्टमध्ये तो पदार्थ तयार केला आणि 2016 पासून आपल्या बर्गरला मांसाचा रंग आणि चव आणली. आपल्या मुळावरच्या गाठीतले धन दुसऱ्याने ओळखले आणि विकले.

कापूस पिकवणाऱ्यांसाठी याहून मोठी गोष्ट सरकीत आहे. क्विंटलभर कापसातून 34-35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. तिच्यात शेकडा 20 हून जास्त प्रथिने आहेत, पण गॉसिपॉल नावाचे विषही आहे. रवंथ करणारी जनावरे ते पचवतात, माणूस आणि कोंबडी पचवत नाहीत. म्हणून सरकीची पेंड गोठ्यापलीकडे फारशी जात नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी असे वाण तयार केले की ज्याच्या बियांत गॉसिपॉल नगण्य, पण पानांत आणि बोंडांत किडीला रोखण्यापुरते शिल्लक. 2006 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या शेती खात्याने 2018 मध्ये त्याच्या लागवडीवरचे निर्बंध उठवले आणि 2019 मध्ये तिथल्या अन्न खात्यानेही ते खाण्यास मान्यता दिली. अशी सरकी विदर्भ-मराठवाड्यात पिकली तर माणसाच्या ताटात जाणाऱ्या प्रथिनांचे एक पीक कापसाच्या पोटातच मिळेल, वेगळी जमीन नको, वेगळे पाणी नको. कापूसवाल्याला रुईच्या भावावरच जगावे लागणार नाही. इथे चाचणीच्या वावरापर्यंत येणेसुद्धा मुश्कील, कारण जनुकबदल हा शब्द ऐकला की फाइल मिटते.

जनावरांवाचून शेती चालवा असे सुचवणाऱ्यांना एक विचारतो. सोयाबीनने विदर्भात खरीप ज्वारी मागे ढकलली, तसा कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा घेत नाही. 2015 च्या कायद्याने म्हातारा बैल विकण्याचाही रस्ता बंद झाला. कोरडवाहू घरात बकरी हीच बँक राहिली आहे. शाकाहाऱ्याने वडी खावी, खुशाल खावी. पण त्याच्या वडीसाठी बकरीवालीने आपली बँक बंद करावी असे कोणी म्हणू नये.

आपल्या मागण्या अशा आहेत. सोयाबीन आणि कडधान्यांच्या साठ्यावर बंधने घालू नयेत आणि वायद्यांना हात लावू नये. आयातीचे शुल्क पेरणीआधी जाहीर करावे आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नये. कमी गॉसिपॉलच्या कपाशीच्या चाचण्या इथल्या विद्यापीठांना करू द्याव्यात. अंगणवाडीच्या आहारात सोयाबीन द्यायचे असेल तर ठेकेदाराच्या पुडीऐवजी ते गावच्या मालातून, बचत गटाच्या चुलीवर व्हावे.

जिल्हा मेळाव्यात यावर ठराव मांडला जाईल. तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी गेल्या तीन हंगामांतल्या सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्या बरोबर आणाव्यात. पट्टीवर तारीख, ओलाव्यापोटी केलेली कपात आणि हातात आलेला भाव स्पष्ट दिसला पाहिजे. ज्यांना हमीभाव केंद्रावरून माल परत आणावा लागला असेल त्यांनी त्याचे कारण लिहून आणावे.