रंग बदलले, भिंती त्याच

घर घेताना आपण चटई क्षेत्र मोजतो, पाण्याची वेळ विचारतो, सोसायटीची थकबाकी तपासतो. भिंतीतली वायर कोणत्या काळातली, हे कुणी विचारत नाही. मग एखाद्या दिवशी स्विचबोर्ड उघडतो आणि लाल-काळ्याच्या शेजारी तपकिरी, निळी, पिवळी, क्वचित पांढरीही वायर दिसते. जुन्या वायरमनच्या नावाने बोटे मोडून आपण मोकळे होतो. काही वेळा दोष त्याचा असतोही. पण या गोंधळाचा मोठा भाग शंभर वर्षांच्या इतिहासाने घातला आहे.

मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. घरांत वीज शिरली ती त्यानंतर, हळूहळू. त्या काळची वायर रबरी असे, वरून सुती वेष्टण, आणि ती लाकडी केसिंगमधून किंवा पुढे बॅटनवरून फिरवलेली. दिव्या-पंख्यापुरत्या दोन तारा. अर्थिंगचा बहुधा पत्ताच नाही. काही दशकांत रबर कडक होऊन तडकते, वेष्टण मळते आणि फेज-न्यूट्रल दोन्ही सारख्याच काळपट दिसू लागतात. अशी वायर हाताळली की रबराचा भुगा पडतो. तिथे रंगावरून तर्क लढवण्यापेक्षा वायरिंग नव्याने करणेच शहाणपणाचे.

पीव्हीसीची रंगीत वायर आली तेव्हा आपण ब्रिटिशांचा संकेत पुढे चालवला. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. थ्री फेजला लाल, पिवळी, निळी, म्हणजे वायरमनच्या तोंडचे आर-वाय-बी. हा संकेत निसर्गनियमासारखा आपल्या अंगवळणी पडला आहे, पण तो जगभर चालत नाही. अमेरिकेत काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या मराठी माणसाने तिथल्या बोर्डात काळ्या वायरला निर्धास्त हात लावला, तर त्याच्या हाती १२० व्होल्ट लागतील. जर्मनीत तर साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत लाल रंग अर्थिंगचा होता. तिथले उपकरण ब्रिटनमध्ये नेऊन लाल तार लालला जोडणाऱ्याने त्याच्या धातूच्या अंगातच वीज सोडली असती.

उपकरणे देशोदेशी विकली जाऊ लागली, तसा हा धोका परवडेनासा झाला. युरोपने अर्थिंगसाठी हिरवा-पिवळा पट्टा ठरवला. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यालाही दोन रंगांचा पट्टा वेगळा दिसतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असा दोष साधारण १२ पैकी एकाला असतो. फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळी झाली, ती जोडीही त्यांना ओळखता येते. ब्रिटनने १९६९ च्या नियमांनी उपकरणांच्या दोऱ्यांना हे रंग लावले, पण भिंतीतली वायर लाल-काळीच ठेवली. तिथे नव्या रंगांना मुभा मिळाली ३१ मार्च २००४ पासून, आणि सक्ती झाली १ एप्रिल २००६ पासून. मधली पस्तीस वर्षे भिंत एका संकेताने चालली आणि दोरी दुसऱ्याने.

बदलातली खरी मेख थ्री फेजमध्ये होती. जुन्या संकेतात निळी फेज होती, नव्यात ती न्यूट्रल झाली. काळी न्यूट्रल होती, ती फेज झाली. म्हणून ब्रिटनने नियम केला, की दोन्ही संकेतांची वायर एकत्र असेल तिथे मुख्य बोर्डावर तशा इशाऱ्याची पाटी लावायची. संकेत बदलताना जुनी घरे एका रात्रीत बदलत नाहीत, हे त्यांनी मान्य केले.

आपण आजही त्याच मधल्या काळात राहतो, आणि पाटी मात्र नाही. मिक्सरच्या दोरीत तपकिरी-निळी, भिंतीत लाल-काळी. थ्री फेज मीटरच्या घरात खोल्या वेगवेगळ्या फेजवर वाटलेल्या असतात. तिथे बोर्डातली निळी वायर ही बी फेज असू शकते. मिक्सरच्या दोरीच्या सवयीने तिला न्यूट्रल समजून लाल वायरसोबत जोडले, तर उपकरणावर २३० ऐवजी सुमारे ४०० व्होल्ट पडतात.

त्यात भर रोजच्या कामाची. बटणाकडून दिव्याकडे परतणारी वायर काळी असली तरी बटण चालू करताच ती फेज होते. जिन्यावरच्या टू-वेच्या मधल्या वायरी कोणत्याही रंगाच्या असतात. इन्व्हर्टरची लाइन अनेकदा उरलेल्या बंडलातून ओढली जाते. सर्वांत वाईट म्हणजे लाल संपली म्हणून हिरवी वायर फेजला वापरणे. हिरवा रंग बिनधोक मानून पुढचा माणूस तिला उघड्या हाताने धरतो. टेस्टरही पूर्ण साक्ष देत नाही. न्यूट्रल कुठे तुटलेली असेल, तर चालू उपकरणातून आलेल्या फेजमुळे न्यूट्रलवरही तो पेटतो. म्हणून रंग हा फक्त अंदाज मानावा. निर्णय मेन बंद करून, मोजमाप करून परवानाधारक वायरमननेच द्यावा.

हे सगळे वायरमनच्या शिस्तीवर सोडून भागणार नाही. नव्या जोडणीच्या वेळी परवानाधारक ठेकेदार टेस्ट रिपोर्ट देतोच. त्यात भिंतीत कोणता संकेत वापरला आणि तो कुठे मोडला, याच्या दोन ओळी सक्तीच्या कराव्यात. तीच नोंद तारखेसह मुख्य बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावी. जुन्या इमारतींत सोसायटीने दुरुस्तीच्या प्रत्येक कामानंतर ती अद्ययावत करून घ्यावी. याचा खर्च एका कागदाचा आहे. संकेत पुढेही बदलतील, पण आज ओढलेली वायर काही दशके भिंतीतच राहील. तिच्या रंगाचा अर्थ ओढणाऱ्याला आज ठाऊक आहे, तेव्हा तो लिहून ठेवण्याची जबाबदारीही आजच्याच पिढीची.