रिकाम्या खोल्यांचा हिशेब

‘उतरणे’ या क्रियापदाची मला नेहमी गंमत वाटते. डोंगरावरून खाली येणे म्हणजे उतरणे, आणि परगावी जाऊन कोणाकडे मुक्काम करणे म्हणजेही उतरणेच! ‘आपण कुठे उतरलात?’ असे आपण विचारतो, ते काही पायऱ्या मोजण्यासाठी नव्हे. पूर्वी घोड्यावरून किंवा बैलगाडीतून उतरल्याखेरीज मुक्काम होत नसे, त्यामुळे हा अर्थ आपल्याला अगदी सरळ वाटतो. माथेरानला मात्र या शब्दाची त्रेधा उडते. तिथे उतरायचे तर आधी सुमारे आठशे मीटर उंचीवर चढून जावे लागते.

एरवी या पानावर मी शब्दांच्या अशाच कुळकथा सांगत असते. दिवाळी अंकात मात्र संपादक थोडी ऐसपैस जागा देतात, म्हणून आज शब्दांकडून माणसांकडे वळते. माणूस म्हणजे माझी मावशी, आणि विषय म्हणजे तिचे माथेरानचे सहा खोल्यांचे घर. दारावर पाटी आहे : ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’.

आम्ही राहतो उल्हासनगरला, कॅम्प नंबर दोनमध्ये. कर्जतची लोकल पकडली की अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. म्हणजे माथेरान आम्हाला तसे परसदारीच. पण परसदारी असूनही या डोंगरावर धंदा करणे म्हणजे काय, हे मला मावशीच्या वहीतून कळले.

इतिहास आपण सहलीच्या माहितीपत्रकात वाचलेला असतो. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांना उन्हाळ्याची जागा सापडली. (डोंगरउतारावरच्या वाड्यांतल्या ठाकर-कातकऱ्यांना तो आधीपासून ठाऊक होता, पण त्यांनी तसे कुठे लिहून ठेवले नाही!) पुढे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने दोन फुटी रुळांची छोटी गाडी १९०७ साली नेरळहून वर पोहोचली. मोटारीला मात्र आजही दस्तुरी नाक्याच्या पुढे मज्जाव आहे. म्हणून तर आपण तिथे जातो. धूर नाही, भोंगा नाही, लाल मातीची वाट आणि झाडांची सावली!

पण वाचकहो, आपल्याला जी शांतता फुकट मिळते, तिचे भाडे मावशी भरते. गॅसचे सिलिंडर, बटाट्याचे पोते, तांदूळ, साबणाचा खोका, नवी गादी, फुटलेल्या संडासाचे नवे भांडे, हे सारे नाक्यापासून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर येते. दर वस्तूच्या किमतीत या पाठीची आणि डोक्याची मजुरी मिसळलेली असते. पाण्याचीही तीच तऱ्हा. वर शार्लोट तलाव आहे खरा, पण तो एकटा पुरत नाही. नेरळजवळून उल्हास नदीचे पाणी पंपाने डोंगरावर चढवावे लागते. ज्या नदीवरून आमच्या गावाचे नाव पडले, तीच तिकडे मावशीच्या नळाला येते!

मावशीने हा उद्योग १९८१ साली दोन खोल्यांवर सुरू केला. काका हयात होते तोवर हिशेब तेच पाहत. सहा वर्षांपूर्वी ते गेले आणि वही मावशीच्या हाती आली. आज ती एकाहत्तर वर्षांची आहे. तिची ती वही यंदा उन्हाळ्यात मी उल्हासनगरला आणली, कारण तिला एक सल्ला हवा होता. मुंबईचे एक गृहस्थ घर पाच वर्षांच्या करारावर मागत होते. ठोक रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच देणार, खोल्यांत वातानुकूलन यंत्रे बसवणार, मागच्या अंगणात रात्री संगीत वाजवणार. बदलापूरला राहणारे मावशीचे दोन्ही मुलगे ‘देऊन टाक’ म्हणत होते. त्यात त्यांचे वावगे काही नव्हते. आईचे गुडघे त्यांना दिसत होते.

मी साहित्याची प्राध्यापक. आकड्यांशी माझे जेमतेम सूत. म्हणून वही घेऊन मी आमच्या शेजारच्या दादांकडे गेले. दादा सिंधी आहेत. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीचे ‘उल्हासनगर’ झाले. त्या बराकींतच दादांच्या वडिलांनी पापडाचा धंदा काढला होता. दादांनी वही चाळली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “बाई, यात भरलेल्या खोल्या लिहिल्या आहेत. रिकाम्या कुठे आहेत?”

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी मला कागदावर वर्ष मांडायला लावले. पावसाचे चार महिने बाद. त्या दिवसांत भिंतींना बाहेरून प्लॅस्टिक बांधायचे, आत बुरशी पुसायची, गाद्या शेगडीच्या धगीवर शेकायच्या. नवरात्रानंतर रंग, गवंडी, सुतार. मग दिवाळीचे दहा-बारा दिवस, नाताळचा आठवडा, मे महिना आणि मधल्या शनिवारच्या रात्री. वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी शंभर रात्री घर भरले तर देव पावला! उरलेल्या रात्री दिवा एकच जळतो, पण मोलकरणीचा पगार, पाणीपट्टी आणि विजेचे बिल चालूच राहते. “धंदा भरलेल्या खोलीवर चालत नाही,” दादा म्हणाले, “रिकामी खोली किती दिवस पोसता येते, त्यावर चालतो.”

आमच्या कॅम्प दोनमध्ये एक ‘जपानी बाजार’ आहे. तिथे कापडचोपड मिळते, जपान मिळत नाही. पण खऱ्या जपानात मावशीच्या जोडीच्या कितीतरी गृहिणी आहेत. १९११ सालच्या जानेवारीत फोन लेर्ख या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने ताकादा गावी जपानी सैनिकांना बर्फावरून घसरत जाण्याची विद्या, म्हणजे स्कीइंग, पद्धतशीर शिकवली. पुढे हाकुबासारख्या डोंगरी खेड्यांत शेतकऱ्यांनी आपल्याच घरात हिवाळ्यात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. उन्हाळ्यात भाताची खाचरे, हिवाळ्यात पाहुणे. अशा घरगुती मुक्कामाला ते ‘मिन्शुकु’ म्हणतात. आपल्या पाटीचा अगदी सख्खा शब्द!

त्यांचा शत्रू पाऊस नव्हे, बर्फ. तोच त्यांचा अन्नदाताही. छपरावरचे बर्फ वेळेवर उतरवले नाही तर घर मोडते, आणि ते उतरवताना पडून दर हिवाळ्यात म्हातारी माणसे दगावतात. १९९० नंतरच्या दशकात तिथली स्कीइंगची हौस ओसरू लागली. १९९८ साली नागानोला हिवाळी ऑलिम्पिक झाले तरी ओहोटी थांबली नाही. मुले तोक्योला गेली, मालक म्हातारे झाले आणि कित्येक घरांना कुलपे लागली. काही घरे ऑस्ट्रेलियातून आलेल्या हौशी लोकांनी घेतली आणि पुन्हा चालवली. पण नोझावा ओन्सेन नावाच्या खेड्याची गोष्ट मला अधिक भावली. तिथे गरम पाण्याची तेरा सार्वजनिक स्नानगृहे आहेत, आणि ती आळीपाळीने झाडून-पुसून ठेवण्याचे काम गावकरी स्वतः करतात. पाहुणा येवो न येवो, गाव चालू राहते.

हे सारे मी मावशीला फोनवर सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “अगं, जपानचं राहू दे. मला एवढंच सांग, तो मुंबईचा गृहस्थ पावसात प्लॅस्टिक बांधायला येणार आहे का?”

प्रश्न खरा तिथेच होता. माथेरानचा परिसर २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. घर पडले तर नवे उभारणे सोपे नाही. २००५ च्या जुलैमधल्या पुराने छोट्या गाडीचा मार्ग उखडला, तो सावरायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झाले आणि नेरळहून गाडी वर जायला २०२२ चा ऑक्टोबर लागला. दरम्यान करोनाची टाळेबंदी. अशा वर्षी करारवाले गृहस्थ हात वर करून मोकळे होतात. मालकाला तसे मोकळे होता येत नाही.

मावशीने काय केले ते सांगते. तिच्याकडे उतारावरच्या एका वाडीतली मुलगी गेली दहा वर्षे कामाला येते. सोळाव्या वर्षी भांडी घासायला आली. मावशीकडे काम करता करता बारावी झाली. आज स्वयंपाक तिचा, मोबाईलवरची नोंदणी तिची, घोडेवाल्यांशी भांडणही तिचेच. मावशीने मुंबईच्या गृहस्थांना नमस्कार केला आणि या मुलीला भागीदार करून घेतले. खर्च वजा जाता उरेल ते निम्मे-निम्मे. घर मावशीचे, आणि कोपऱ्यातली एक खोली मावशीच्या मुक्कामाला.

मुलगे दुखावले. थोरला म्हणाला, “आई, घरची माणसं सोडून परक्याला?”

“घरची माणसं बदलापूरला आहेत रे,” मावशी म्हणाली. “बोलावलं तर दोन दिवस येता, आणि मला त्याचा आनंदच आहे. ही न बोलावता रोज डोंगर चढून येते.”

दादांनी तेवढी एक ताकीद दिली : “लिहून घ्या. प्रेमात हिशेब मागता येत नाही.” करारनामा मीच लिहिला, कोर्टाच्या नव्हे तर त्या मुलीला एका वाचनात कळेल अशा मराठीत. पावसाळ्याच्या खर्चाचे कलम पहिले घातले. ‘कामवाली’ हा शब्द ज्या घरात दहा वर्षे नांदला, तिथे ‘भागीदार क्रमांक दोन’ लिहिताना मला स्वतःला फार बरे वाटले. मुलीने सही करण्यापूर्वी विचारले, “तोटा झाला तर तोही निम्मा ना?” दादांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग ही टिकेल.”

वरचे गावही बदलते आहे. २०२२ च्या डिसेंबरात विजेच्या रिक्षा प्रयोगादाखल धावू लागल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाच्या छातीवरचा तो भार उतरला पाहिजेच. नव्या गाडीचे चाक त्याच रिक्षावाल्याच्या हाती यावे, एवढीच मावशीची इच्छा आहे.

आपण या दिवाळीत अशा कुठल्या डोंगरावर गेलात, तर काही गोष्टी जरूर करा. जेवणार की नाही हे सकाळीच सांगा; वर चढवलेली भाजी खाली परत जात नाही. बादली भरून वाहू देऊ नका. भाड्यात घासाघीस करावीशी वाटली तर शनिवार सोडून बुधवारी जा. भाडेही कमी पडेल आणि एक रिकामी खोली भरेल. मावशीच्या घरची दिवाळी ऐन दिवाळीत कधीच झाली नाही. त्या दिवसांत ती पाहुण्यांना उटणे आणि फराळ देत असते. स्वतःचा फराळ ती तुळशीच्या लग्नाला करते. यंदा तुळशीच्या लग्नाला आम्ही सारे वर जाणार आहोत, बदलापूरचे दोघेही. खोल्यांचे भाडे देणार आहोत, कारण नवी भागीदार हिशेबाला कडक आहे.