‘स्कोप’ विचारणारा समाज

बारावी झालेली मुलगी घरात म्हणाली, ‘मला स्पॅनिशमध्ये बी.ए. करायचंय,’ की पहिला प्रश्न येतो, ‘त्यात स्कोप काय?’ त्या भाषेत तिला काय आवडले, हे कोणी विचारत नाही. मुलगा असेल तर ‘आधी इंजिनिअरिंग कर, भाषा काय, क्लास लावूनही शिकता येते’ असे सांगून त्याला गप्प केले जाते. मुलगी असेल तर ‘लग्न ठरेपर्यंत शिकू दे काहीतरी’ म्हणून परवानगी मिळते. त्या नकारात विद्येचा अपमान आहे. या परवानगीत विद्येचा आणि मुलीचाही. हा अपमान निरक्षर माणसे करत नाहीत. मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारी, स्वतःला सुशिक्षित म्हणवणारी घरे करतात. म्हणूनच त्यांना जाब विचारला पाहिजे.

आपण हिणवतो ती पदवी आहे तरी काय? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, दिल्ली विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात बारावीनंतर ती घेता येते. सुरुवात मुळाक्षरांपासून होते. पुढे साहित्य आणि इतिहास येतो. स्पॅनिश ही ४५ कोटींहून अधिक माणसांची मातृभाषा. तिच्यात साम्राज्याची मग्रुरी आहे, आणि त्या मग्रुरीला आतून दिलेला जबाबही आहे. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने १५५२ मध्ये आपल्याच लोकांनी अमेरिकेतील मूलनिवासींवर केलेल्या अत्याचारांचा पाढा छापून प्रसिद्ध केला. मेक्सिकोतली जोगीण सोर हुआना हिने १६९१ मध्ये, लेखन-वाचनाबद्दल तिला टोकणाऱ्या बिशपला उत्तर देताना, स्त्रियांच्या ज्ञानाच्या हक्काची बाजू मांडली. ज्या मुलीला आपण लग्नापर्यंतची मुदत देतो, तिला हे मुळातून वाचता येईल, याचीच आपल्याला अडचण होते काय?

दया पवार यांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८ मध्ये आले. पाचच वर्षांनी ग्वाटेमालातल्या माया समाजाच्या रिगोबेर्ता मेंचू हिची जीवनकहाणी स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाली. स्पॅनिश तिची मातृभाषा नव्हती; आपल्या माणसांवरचा जुलूम जगाला सांगण्यासाठी तिने ती आत्मसात केली होती. १९९२ मध्ये तिला शांततेचे नोबेल मिळाले. दोन खंडांतल्या तुडवलेल्या माणसांचे हे शब्द शेजारी ठेवून वाचणारा, दोन्ही भाषा जाणणारा अभ्यासक आपल्याला हवा. तो घडवायचा कोणी? स्पॅनिशमध्ये लिहिणारे मार्केस आणि बोर्हेससुद्धा आपण बहुतांशी इंग्रजीच्या हातून घेतो. इंग्रजी येते म्हणजे जग कळते, या भ्रमात आपण दीडशे वर्षे काढली.

आपली परंपरा इतकी कोती नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केले, तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. त्या शेतकऱ्यांची भाषा आली नसती तर वर्ध्याच्या या माणसाचे ज्ञान त्यांच्या शेतापर्यंत पोहोचले असते काय?

आणि आज काय चालले आहे? २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक शाळांत शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये स्पॅनिशचे नाव घेतले. प्रत्यक्षात ती मिळते मुख्यतः लाखोंची फी घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळांत. श्रीमंताचा मुलगा ती शिकला तर ते व्यक्तिमत्त्व विकासात जमा होते; शेतमजुराच्या मुलीने तिची पदवी मागितली तर त्याला खुळ म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलांना अशी पदवी असते, सरकारी विद्यापीठात ती थोड्या फीत घेता येते, हे सांगायलाही कोणी नसते. भाषा शिकवणारे कित्येक प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात आणि सुट्टीतल्या महिन्यांचा पगार त्यांच्या हाती पडत नाही. ज्ञानाची वाटणी आपण पुन्हा जन्मावर आणि पैशावर केली आहे. ही नवी वर्णव्यवस्था आहे आणि तिला आपण ‘प्रॅक्टिकल’ असे नाव दिले आहे.

पोट सर्वांना आहे. मुलाला नोकरी लागावी असे वाटणाऱ्या बापाला मी दोष देत नाही. स्पॅनिश येणाऱ्याला अनुवाद, अध्यापन, पर्यटन, परराष्ट्र व्यवहार, व्यापार यांत काम मिळते, हेही खरे. पण ही यादी वाचून ज्याचे समाधान होते, त्याला माझे म्हणणे कळलेले नाही. व्हिसासाठी भाषा शिकली की आपण कौतुक करतो. माणसे समजून घेण्यासाठी शिकली की हसतो. हा दोष बाजाराचा नव्हे, आपल्या मूल्यांचा आहे.

तेव्हा शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या मुलांना या वाटा सांगाव्यात. सरकारने भाषांच्या प्राध्यापकांच्या जागा कायम भराव्यात आणि गावातल्या मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात. प्रकाशकांनी मुळातून केलेल्या अनुवादांना योग्य मोबदला द्यावा. आईबापांनी स्कोप विचारण्याआधी मुलीला एवढेच विचारावे, ‘तुला त्यात काय दिसतं?’ आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. ज्या समाजाला आपल्या लेकरांच्या जिज्ञासेची लाज वाटते, त्या समाजाने जोतीरावांच्या पुतळ्याला हार घालण्याचा अधिकार गमावला आहे.